बाळाच्या मेंदूला निरोप वेळेवर हवा

“डॉक्टर, बाळ अगदी गुणी आहे, रडतच नाही,” असे कौतुक मी दवाखान्यात नेहमी ऐकतो. बहुतेक वेळा ते खरेही असते. पण बाळ सुस्त असेल, दूध नीट ओढत नसेल, कावीळ दोन आठवड्यांनंतरही रेंगाळली असेल, आवाज घोगरा असेल, तर मला थायरॉईडची शंका येते.

गळ्यातील ही ग्रंथी आयोडीनपासून थायरॉक्सिन तयार करते. मेंदूच्या दृष्टीने हा निरोप्याच! रक्तातून तो पेशीत शिरतो, केंद्रकापर्यंत पोहोचतो आणि कुलपात किल्ली फिरावी तशी ठराविक जनुके चालू किंवा बंद करतो. त्यानुसार चेतापेशी आपापल्या जागी सरकतात, त्यांना फांद्या फुटतात, तंतूंवर आवरण चढते. हा निरोप उशिरा पोहोचला तर बुद्धीची वाढ खुंटते आणि ते नुकसान पुढे पूर्ण भरून निघत नाही.

पहिले तीन-चार महिने गर्भाची सारी मदार आईच्या थायरॉक्सिनवर असते. म्हणून ज्या भगिनींना थायरॉईडच्या गोळ्या चालू आहेत, त्यांनी दिवस राहिल्यावर “उष्ण पडतील” म्हणून त्या बंद करू नयेत. उलट मात्रा वाढवावी लागेल का, हे लगेच रक्त तपासून पाहावे.

दुसरी गोष्ट मिठाची. डोंगराळ मातीतले आयोडीन पावसाबरोबर वाहून जाते. हिमाचलातील कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी यांनी १९५६ पासून आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी करून दाखवला. १९६२ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. आपला कळवण तालुकाही डोंगराळच. तेव्हा गुरांसाठी आणलेले खडे मीठ स्वयंपाकात नको. आयोडीनयुक्त मीठ आणा व झाकून ठेवा.

तिसरी गोष्ट तपासणीची. सुमारे हजार-दीड हजार जन्मांमागे एका बाळात ग्रंथी जन्मतःच नसते किंवा नीट काम करत नाही. अशी बहुतेक बाळे जन्माच्या वेळी इतरांसारखीच दिसतात. लक्षणांची वाट पाहण्यात मोलाचे दिवस जातात. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन टी.एस.एच. तपासता येते. दोष निघाल्यास पहिल्या दोन आठवड्यांत, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत, गोळी चुरून आईच्या दुधातून सुरू करतात. वेळेवर औषध मिळालेली मुले इतर मुलांसारखीच शिकतात, खेळतात.

प्रसूती सरकारी रुग्णालयात होवो वा खाजगी, बाळंतिणीला घरी नेण्यापूर्वी “बाळाची टी.एस.एच. केली का?” हे अवश्य विचारा.