पेटीवरचे नाव आणि पेटीतला आंबा

चैत्र लागला की मुंबई-पुण्याच्या बाजारांत हापूसच्या पेट्यांच्या थप्प्या लागतात आणि विक्रेत्यास विचारावे तर त्यांतील बहुतेक पेट्या देवगडच्या अथवा रत्नागिरीच्या निघतात. वस्तुस्थिती मात्र अशी, की कर्नाटकातून येणारा, त्याच जातीचा परंतु स्वस्त आंबा कित्येकदा देवगडचे नाव छापलेल्या पेटीत, मराठी वर्तमानपत्राच्या रद्दीवर निगुतीने रचून राजरोस विकला जातो.

जाणकारास हा भेद कळतो. देवगडच्या हापूसची साल पातळ, गर केशरी आणि सुगंध असा की पेटी उघडताच घरभर दरवळावा. कर्नाटकी फळाची साल त्या मानाने जाड आणि गर पिवळसर. परंतु सामान्य गिऱ्हाईक फळ कापून पाहून विकत घेत नाही. पेटीवरील मजकुराची साक्ष खरी मानूनच ते पदरचे पैसे मोजते, आणि म्हणूनच ती साक्ष खोटी ठरणे हा केवळ व्यापारातील लबाडीचा नव्हे, तर विश्वासघाताचा प्रकार होय.

कायद्याने याची तजवीज केलेली नाही असे नाही. वस्तूचे गुण ज्या भूमीशी निगडित असतात, त्या भूमीच्या नावास संरक्षण देणारा भौगोलिक निर्देशनाचा कायदा 1999 साली संमत होऊन 2003 साली अमलात आला. त्याअन्वये 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला मानांकन मिळाले. अशा नोंदलेल्या नावाचा खोटा वापर करणारास किमान सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड अशी शिक्षा सांगितली आहे. तथापि पेटी बागेतून निघून अडत्याकडे, तेथून किरकोळ विक्रेत्याकडे आणि अखेर घरी पोहोचेपर्यंत इतके हात बदलते, की फिर्याद करावी तरी कोणावर, हेच गिऱ्हाइकास उमगत नाही.

ही अडचण ओळखूनच देवगडच्या आंबा उत्पादकांच्या सहकारी संस्थेने 2025 च्या हंगामात पेटीऐवजी प्रत्येक फळावरच स्वतंत्र क्रमांकाची चिकटपट्टी लावण्याचा उपक्रम हाती घेतला. क्रमांकाचा काही भाग पट्टीच्या दर्शनी बाजूस, तर उरलेला मागे दडलेला. पट्टी सोलून दोन्हींची पडताळणी केल्याखेरीज फळाची खात्री पटत नाही. शिवाय बागाइतदारास पट्ट्या मिळतात त्या त्याच्या झाडांच्या प्रमाणात, जेणेकरून परक्या मालावर त्या डकवण्याचा मोह मुळातच आवरला जावा.

या प्रकारात गिऱ्हाईक आणि कोकणी बागाइतदार यांचे नुकसान उघड दिसते. परंतु ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही असा तिसरा इसम म्हणजे कर्नाटकातील शेतकरी. त्याचे फळ रुचकर असते, त्यासाठी त्यानेही घाम गाळलेला असतो. पण ते परक्याच्या नावाने विकले गेल्यामुळे त्याच्या मुलखाचे नाव बाजारात रुजतच नाही, आणि नावामुळे वाढलेल्या किमतीचा लाभ मधल्यामध्ये दलाली करणारे घेतात. म्हणून दोन प्रांतांच्या शेतकऱ्यांत वैर माजवण्याचे कारण नाही. प्रत्येक फळ आपल्याच मुलखाच्या नावाने आणि आपल्याच योग्यतेच्या दराने विकले जावे, हाच आग्रह गिऱ्हाइकांनी धरला पाहिजे, आणि तो ऐन हंगामात बाजारांची तपासणी करून पाळला जातो की नाही, हे पाहणे शासनाचे कर्तव्य आहे.