सात-बारा कोणाचा?

परवा ब्रिस्बेनहून भाचीचा फोन आला. म्हणाली, "मावशी, इथे कार्यक्रम सुरू होण्याआधी सांगतात, ही जमीन मूळ कोणत्या लोकांची. मग त्यांना वंदन करतात."

"वंदन ठीक आहे गं, पण जमीन?" मी विचारलं.

ती क्षणभर गप्प झाली. मग म्हणाली, "हेच ट्रेव्हर स्टीलच्या कादंबऱ्यांत आहे. पण तो एस्परांतोत लिहितो."

ही कुठली भाषा? तर 1887 मध्ये झामेनहोफ नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी वॉर्सात मांडलेली. त्यांच्या जन्मगावी पोलिश, रशियन, जर्मन, यिडिश बोलणारे एकमेकांना पाण्यात पाहत. म्हणून त्यांनी अशी भाषा रचली, जी कोणाचीच नाही आणि म्हणूनच सगळ्यांची.

स्टील 1940 चा, क्वीन्सलँडमध्ये जन्मलेला गोरा माणूस. 1987 च्या 'सेद नूर फ्रागमेंतो' या कादंबरीत त्याने एकोणिसाव्या शतकातला वसाहतवाद मांडला. 2010 च्या 'फ्लूगी कुन काकातुओय' म्हणजे 'काकाकुव्यांसोबत उडणे' या कादंबरीत गोरे वसाहतवाले आणि ऑस्ट्रेलियाचे मूळ रहिवासी समोरासमोर येतात. घरची भाषा इंग्रजी, तिला जगभर वाचक. तरी हे लिहायला त्याने दुसरीच भाषा घेतली. मला हे फार मोलाचं वाटलं. 1788 मध्ये इंग्रज तिथे वसायला आले, तेव्हा त्या भूमीवर अडीचशेहून अधिक भाषा नांदत होत्या. इंग्रजीखाली त्यातल्या कितीतरी विझल्या. निदान ही गोष्ट तरी जिंकणाऱ्याच्या भाषेत नाही!

आणि जमीन? इंग्रजांच्या कायद्याने ती 'कोणाचीच नाही' असं धरलं होतं. हजारो वर्षं माणसं राहत होती, पण कागद नव्हता ना! एडी माबो हा बेटावरचा माणूस आपल्या जमिनीसाठी दहा वर्षं कोर्टात लढला. जून 1992 मध्ये निकाल बाजूने लागला, पण तो ऐकायला माबो नव्हता. काही महिन्यांपूर्वीच तो गेला होता.

फोन ठेवला आणि मनात आलं, मैत्रिणींनो, हे आपल्याला नव्याने का समजवावं लागावं? जन्मभर ज्या शेतात राबलो, त्याच्या सात-बाऱ्यावर आपलं नाव नसणं म्हणजे काय, हे आपल्यातल्या कितीजणींना ठाऊक आहे!