उजळाईवाडीचं विमान

कोल्हापुरात कुठल्याही लग्नात गेले की कुणी ना कुणी मला गाठतंच. "काय ओ मॅडम, मुंबईचं विमान हाय न्हवं सध्या?" नोकरी सुटून बराच काळ लोटला, तरी लोकांच्या लेखी मी अजून उजळाईवाडी विमानतळाच्या काउंटरपाशीच उभी आहे. वेळ कुणी विचारत नाही. आधी विमान आहे का, तेवढी खात्री करून घेतात, आणि ते बरोबरच आहे. आमच्या विमानतळानं लोकांना दुसरं काही शिकवलेलं नाही.

तसा हा विमानतळ जुना, मानाचा. छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली तो सुरू झाला. संस्थानाची राजधानी, पैलवानांची आणि सिनेमावाल्यांची नगरी; तिला स्वतःचं विमानतळ हवं, हे महाराजांना तेव्हा सुचलं. पुढे तो काही काळ एमआयडीसीकडे होता, नंतर भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आला. मुंबईची छोट्या एटीआर विमानांची सेवा २०११ च्या अखेरीस थांबली आणि मग कित्येक वर्षं तिथं प्रवासी विमान नव्हतं. धावपट्टी होती, कुंपण होतं, वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा फडफडत होता. विमान तेवढं नव्हतं.

मी एका कंपनीची स्टेशन इनचार्ज होते. पद ऐकायला भारदस्त आहे, पण छोट्या विमानतळावर इनचार्ज म्हणजे सगळंच. सकाळी चेक-इन काउंटरला बसायचं, मग लोडशीट, म्हणजे विमानातल्या वजनाचा हिशेब, बघायची, गेटवर बोर्डिंग पास फाडायचे, विमानापाशी जाऊन सामान मोजायचं आणि शेवटी दार बंद झालं की मुंबईला कळवायचं. हे सगळं पंचवीस-तीस मिनिटांत. विमान उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंतच्या या वेळेला आम्ही टर्नअराउंड म्हणतो. इथं दहा मिनिटं वाया गेली की त्याच विमानाची दिवसभरातली पुढची प्रत्येक फेरी दहा मिनिटांनी मागे पडते.

उन्हाळ्यात लोडशीटची खरी परीक्षा. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जवळपास दोन हजार फूट उंच, आणि जुनी धावपट्टी १३७० मीटरची. एप्रिलच्या दुपारी हवा तापून विरळ होते, पंखांना कमी उचल मिळते, इंजिनाची ताकदही घटते. मग कागदावर सत्तर जागा असलेल्या विमानात सत्तर माणसं बसवता येत नाहीत. त्यात भर इंधनाची. पुष्कळ छोट्या विमानतळांवर इंधन मिळत नाही, म्हणून परतीचं इंधन विमान येतानाच घेऊन येतं, आणि त्या वजनापोटी आणखी माणसं कमी करावी लागतात. तिकीट हातात असलेल्या माणसाला 'आज हवा गरम आहे म्हणून तुम्हाला नेता येत नाही' हे सांगून बघा. ऊस तोडून, गाडी करून, सूट घालून आलेल्या पाहुण्याला हे पदार्थविज्ञान पटत नाही. त्याला वाटतं, आमदाराच्या माणसाला जागा दिली. पुढे धावपट्टी वाढून १९३० मीटरच्या घरात गेली आणि हा त्रास बराच कमी झाला. आता मागणी आहे २३०० मीटरची, म्हणजे एअरबससारखं मोठं विमान उतरेल. त्यासाठी शेतजमीन लागते, आणि हायवेलगतची जमीन कुणी हसत हसत देत नाही.

तापल्या हवेनंतरचा आमचा दुसरा मालक म्हणजे सूर्य. ज्या विमानतळावर रात्रीच्या दिव्यांची सोय नाही तो सूर्यास्ताला मिटतो. शिवाय कर्मचारी मोजकेच असल्यामुळे विमानतळ किती ते किती उघडा राहणार हे ठरलेलं असतं. त्याला वॉच अवर्स म्हणतात. तिकडून विमान निघायला उशीर झाला की मी घड्याळाकडे आणि पश्चिमेकडे आळीपाळीनं बघत बसायची. वेळ वाढवून मागता येते, पण त्यासाठी टॉवर, अग्निशमन दल, पोलीस सगळ्यांना थांबवून धरावं लागतं. अग्निशमनाची गाडी सज्ज नसेल तर प्रवासी विमान उतरूच शकत नाही, मग दिवसात एकच विमान येत असो. पुढे उजळाईवाडीला रात्री उतरण्याची सोय झाली, तेव्हा मला टर्मिनलच्या उद्घाटनापेक्षा जास्त आनंद झाला होता.

आता हा सगळा खर्च कोण करतं? लोकांना वाटतं विमानतळ म्हणजे सोन्याची खाण. मोठ्यांचं खरं असेल. छोट्या विमानतळाला मुळात कमाईचं साधनच नाही. ८० पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना आपल्याकडे लँडिंग शुल्क माफ आहे. उरतं काय, तर प्रवाशांच्या तिकिटातून येणारं विमानतळ शुल्क, चहाचा स्टॉल, पार्किंग आणि भिंतीवरच्या साखर कारखान्याच्या, शिक्षणसंस्थांच्या जाहिराती. त्यावर धावपट्टीचं गवतसुद्धा कापून होत नाही. प्राधिकरण हे चालवू शकतं त्याचं एक कारण मुंबई-दिल्ली. २००६ मध्ये ही दोन विमानतळं खासगी कंपन्यांकडे गेली तेव्हा करारानं ठरलं की मुंबईच्या उत्पन्नातला ३८.७ टक्के आणि दिल्लीच्या उत्पन्नातला ४५.९९ टक्के वाटा प्राधिकरणाला मिळेल. म्हणजे मुंबईला ड्यूटी-फ्रीमध्ये कुणी अत्तर घेतलं की त्यातले काही पैसे फिरून फिरून उजळाईवाडीच्या अग्निशमन गाडीत येतात. मला ही व्यवस्था न्याय्य वाटते. एस.टी.ची आडगावची फेरीसुद्धा अशीच चालते.

पण विमानतळ चालू ठेवणं वेगळं आणि विमान चालू राहणं वेगळं. विमान कंपनीचा हिशेब मी एका वाक्यात सांगते: रिकामी गेलेली खुर्ची परत विकता येत नाही. आपल्याकडचं वडाप स्टँडवर भरेपर्यंत थांबतं, मग सुटतं. विमान भरलं नाही तरी सोडावं लागतं, आणि रिकामं सोडलं तरी खर्च तेवढाच. समजा एटीआरच्या एका तासाच्या फेरीला सगळा मिळून अडीच लाख खर्च आला. सत्तरच्या सत्तर जागा भरल्या तर माणशी साडेतीन हजारांच्या वर थोडे पडतात. बेचाळीसच भरल्या तर माणशी सहा हजारांच्या जवळ. कोल्हापूरहून मुंबईला सहा हजार कोण देणार, जेव्हा रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये झोपलं की सकाळी माणूस मुंबईत असतो? आणि पुण्याला तर कुणी विमानानं जाण्याचा विचारही करत नाही. हायवेनं सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, वाटेत मिसळ.

खर्चाची गंमत अशी की विमानाचं भाडं कंपनी डॉलरमध्ये भरते, इंजिनाच्या देखभालीचे पैसे डॉलरमध्ये बाजूला काढते आणि कमाई करते रुपयांत. शिवाय छोट्या पल्ल्यात विमान वर चढण्यातच बरंच इंधन जाळतं; वर पोचून निवांत उडेपर्यंत उतरायची वेळ येते. टायर, ब्रेक, इंजिन हे सगळं प्रत्येक उड्डाणाला झिजतं, मग पल्ला तीनशे किलोमीटरचा असो की हजाराचा.

ही तूट भरून काढायला केंद्रानं २०१६ मध्ये 'उडान' योजना आणली. २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली विमानानं तिची सुरुवात झाली. त्याच दिवशी आपल्या नांदेडहून हैदराबादचं विमानही सुटलं. योजना अशी: विमानातल्या निम्म्या जागा, कमीत कमी ९ आणि जास्तीत जास्त ४०, एका तासाच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपासच्या कमाल दरानं विकायच्या. त्यात जो तोटा होईल तो सरकार भरणार; त्यातले २० टक्के राज्याचे. पैसा येतो तो मोठ्या मार्गांवरच्या प्रत्येक उड्डाणावर लावलेल्या आकारातून, म्हणजे मुंबई-दिल्लीचा प्रवासी पुन्हा एकदा आपल्यासाठी पैसे मोजतो. राज्यानं इंधनावरचा व्हॅट एक टक्क्यावर आणायचा, पोलीस आणि अग्निशमन फुकट द्यायचं. कंपनीला त्या मार्गावर तीन वर्षं एकटीचा हक्क.

कागदावर याहून चांगली योजना मी पाहिलेली नाही. पण महालेखापरीक्षकांचा २०२३ चा अहवाल वाचला आणि मला आमच्या स्टेशनवरचे कितीतरी दिवस आठवले. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग मंजूर झाले, त्यातले ४०३ सुरूच होऊ शकले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पुरी केली. आणि मुदत संपल्यावर, अनुदानाचा हात सुटल्यावर, मार्च २०२३ पर्यंत चालू राहिले ते ५४.

कोल्हापूरचंच बघा. एप्रिल २०१८ मध्ये अठरा आसनांच्या विमानानं मुंबईची सेवा सुरू झाली. ती टिकली नाही. त्याच डिसेंबरात हैदराबाद-कोल्हापूर-बेंगळुरू एटीआर आलं आणि चाललं. २०१९ मध्ये तिरुपतीचं विमान आलं, तेही चाललं. मुंबईसाठी ओरडणाऱ्या गावात तिरुपतीचं विमान भरून जातं, याचं बाहेरच्यांना आश्चर्य वाटायचं, आम्हाला नाही. दर नवरात्रात तिरुपती देवस्थानकडून अंबाबाईला शालू येतो. बालाजीचं दर्शन घेऊन कोल्हापूरला आलं की यात्रा पुरी झाली, असं मानणारे हजारो लोक आंध्र-तेलंगणात आहेत. काउंटरवर मी तेलुगूत 'आधार कार्ड' आणि 'नारळ हँडबॅगेत चालणार नाही' एवढं बोलायला शिकले होते. कंपन्यांच्या तक्त्यात व्यापारी, उद्योजक, फाउंड्रीवाले सगळे मोजलेले असतात. देवी मोजलेली नसते.

मग मुंबईचंच घोडं कुठं अडलं? कोल्हापुरात नव्हे, मुंबईतच. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला साधारण ४६ विमानं चढ-उतार करतात आणि प्रत्येक मिनिट वाटून दिलेलं असतं. ज्या वेळेत १८० माणसांचं विमान उतरवता येतं, त्याच वेळेत कोल्हापूरचं सत्तरचं, नाहीतर पन्नासचं. साहजिकच आपल्या वाट्याला येतात दुपारच्या आडवेळा. सकाळी मंत्रालयात काम असलेल्या माणसाला दुपारी दीडला मुंबईत पोचून काय उपयोग? म्हणजे तो विमानानं जात नाही, विमान रिकामं जातं, कंपनी म्हणते कोल्हापुरात मागणी नाही. हे चक्र मी आतून बघितलं आहे. मागणी होती, सकाळी सात वाजताची.

ऑक्टोबर २०२२ मध्ये 'स्टार एअर'नं मुंबईची सेवा धरली. या कंपनीचा मालक घोडावत समूह आपल्याच जयसिंगपूरचा. गावचा माणूस पैसे लावतो तेव्हा विमान बंद करताना त्याला चार लोकांना तोंड द्यावं लागतं. मार्च २०२४ मध्ये पंतप्रधानांनी दूरदृश्य पद्धतीनं नव्या टर्मिनलचं उद्घाटन केलं. दगडी कमानींची, राजवाड्याची आठवण करून देणारी देखणी इमारत आहे. बघायला जरूर जा. पण इमारत बघून विमान येत नाही, हे सोलापूरकरांना विचारा. तिथं सिद्धेश्वर कारखान्याची उंच चिमणी विमानांच्या वाटेत येत होती. वर्षानुवर्षं आंदोलनं, कोर्टकचेऱ्या झाल्या आणि जून २०२३ मध्ये ती पाडली. शेतकऱ्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यानंतर पहिलं विमान, तेही गोव्याचं, सुटायला जून २०२५ उजाडला. सिंधुदुर्गाला चिपीची धावपट्टी अडीच हजार मीटरची, आमच्यापेक्षा कितीतरी लांब. तिथली मुंबईची सेवा उडानची तीन वर्षं भरली आणि थांबली. शेजारी मोपाला गोव्याचं नवं विमानतळ झाल्यावर चिपीला कोण विचारतो?

म्हणून कुणी मला २३०० मीटरच्या धावपट्टीबद्दल विचारलं की मी म्हणते, जरूर मागा, पण आधी सकाळी सातला जाणारं आणि संध्याकाळी सातला परत निघणारं विमान मागा. आता नवी मुंबईचं विमानतळ सुरू झालं आहे. तिथं वेळा मोकळ्या आहेत, आणि वाशीच्या बाजारात, कामोठ्यात, खारघरला आपली माणसं कमी नाहीत. त्यांना ते सहारच्या जुन्या विमानतळापेक्षा जवळ. सकाळ-संध्याकाळची ही जोडी तिथं मिळवता आली तर गोष्ट वेगळी होईल. माझ्या मावसभावाला हे सांगितलं. त्याचं काम फोर्टात असतं. त्यानं शांतपणे विचारलं, "पनवेलहून फोर्टात जायला किती तास लागतात?" तो अजून महालक्ष्मीनंच जातो.