एकाच मुळाच्या दोन फांद्या

मुलगी पंधरा वर्षांची झाली, अंगाने भरली, तरी पाळी आली नाही, की घरात कुजबूज सुरू होते. कुणी तुळजाभवानीला नवस बोलते, कुणी मुलीच्या नशिबाला दोष देते. वाचकहो, अशा वेळी दोष नव्हे, कारण शोधावे. काही वेळा ते जन्मापूर्वीच्या पहिल्या आठवड्यांत दडलेले असते.

गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना त्याच्या पाठकण्याच्या दोन्ही बाजूंना पेशींचा एकेक पट्टा असतो. मूत्रसंस्था आणि प्रजननसंस्था यांचा बराचसा भाग त्यातूनच घडतो. तेथे प्रथम वुल्फियन नलिका तयार होते. तिला फुटलेल्या कोंबामुळे मूत्रपिंड आकार घेते व ओटीपोटातून हळूहळू कमरेपर्यंत वर सरकते. पुढे तिच्याच आधाराने म्युलेरियन नलिका वाढते. मुलग्यात वृषणाच्या स्रावाने ही दुसरी नलिका विरून जाते. मुलीत दोन्ही बाजूंच्या म्युलेरियन नलिका मध्यभागी जुळून गर्भाशय बनते.

सुमारे पाच हजारांत एका मुलीत ही घडण अपुरी राहते आणि गर्भाशय तयारच होत नाही. बीजांडकोश शाबूत असल्याने बाकीची वाढ मात्र नेहमीसारखी होते. अशा जवळपास एक-तृतीयांश मुलींत मूत्रपिंडातही दोष आढळतो: एखादे मूत्रपिंड नसते किंवा जागेवर नसते. म्हणून सोनोग्राफीत गर्भाशयाबरोबर मूत्रपिंडेही अवश्य पाहून घ्यावीत. पाळी दिसत नाही, पण दरमहा ओटीपोट दुखते, तर रक्ताची वाट बंद असू शकते. तेव्हा पंधराव्या वर्षाचीही वाट पाहू नये.

आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील अशाच एका तरुणीवर १८ मे २०१७ रोजी पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या पथकाने देशातील पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. गर्भाशय दिले होते तिच्या आईने.

ही अवघड शस्त्रक्रिया प्रत्येकीसाठी नाही. स्वतःच्या बीजापासून सरोगसीचा मार्ग २०२१ च्या कायद्याने खुला ठेवला आहे, दत्तकाचाही आहे. आईने द्यावयाची पहिली गोष्ट मात्र त्याहून सोपी आहे: लेकीचा हात धरून तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्यावे. लग्न ठरण्याआधी न्यावे, आणि जे कळेल ते सर्वांत आधी तिला सांगावे.