प्रवेश परीक्षेसाठी पुस्तके कोणती?



दहावीचा निकाल लागला आणि मूल अकरावीच्या शास्त्र शाखेत जाऊन बसले, की घरात एक प्रश्न हमखास निघतो : आता पुस्तके कोणती आणायची? रोह्याच्या बाजारपेठेत चौकशी होते. कोणी पनवेल गाठतो, कोणी दादरला जाऊन पिशवीभर पुस्तके घेऊन येतो. शेजारच्या मुलीने अमुक संच घेतला, म्हणून आपणही घ्यायचा. मावसभावाने त्याचे जुने गठ्ठे दिले, तेही ठेवून घ्यायचे. दोन वर्षे सरतात, आणि ध्यानात येते की निम्मी पुस्तके उघडलीच नाहीत. एक ना धड, भाराभर चिंध्या! भात विकून किंवा धाटावच्या कारखान्यात जादा पाळी करून जमवलेला पैसा असा कागदात जातो. पैसा पुन्हा मिळवता येईल; पण चार पुस्तकांत वाटला गेलेला मुलाचा वेळ कोठून आणायचा?

एका परीक्षेवर कॉलेजचा दरवाजा उघडणे ही काही आजची गोष्ट नाही. मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक ही मुळात प्रवेश परीक्षाच होती. ती पहिल्यांदा १८५९ साली झाली. रोह्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते चिंतामणराव देशमुख १९१२ साली याच परीक्षेत पहिले आले आणि जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीचे मानकरी ठरले. त्या काळी खेड्यातल्या मुलापुढे अडचण असे ती पुस्तके मिळण्याची. आज अडचण उलटी आहे. पुस्तके उदंड झाली आहेत; त्यांतली सोडायची कोणती, हे ठरवता आले पाहिजे.

मग ठरवायचे कसे? आपल्या शेतकऱ्याला हे शिकवावे लागत नाही. खारेपाटात कोणते भात तग धरील आणि गोड्या जमिनीत कोणते पिकेल, हे तो आधी पाहतो आणि मगच बियाणे आणतो. इथेही जमीन आधी पाहावी. परीक्षा कोणती, ती घेते कोण, आणि प्रश्न काढतात कशातून?

इंजिनिअरिंग आणि औषधनिर्माण या शिक्षणासाठी आपल्या राज्याची सीईटी असते. ती राज्याचा सीईटी कक्ष घेतो. २०२५ च्या परीक्षेचा आराखडा असा होता : भौतिक आणि रसायन यांचे प्रत्येकी ५० प्रश्न, एकेका गुणाचे, दोन्हींसाठी मिळून ९० मिनिटे. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुणांचे, त्यालाही ९० मिनिटे. जीवशास्त्र घेणाऱ्यांना गणिताऐवजी १०० प्रश्न, एकेका गुणाचे, वेळ तेवढाच. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रश्न निघतात ते महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमातून. सुमारे ८० टक्के बारावीचे आणि २० टक्के अकरावीचे. अकरावीचेही सगळे धडे नसतात, ठरावीकच असतात. भौतिकात गतीचे नियम, गुरुत्वाकर्षण. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, असे काही. ही यादी सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असते. ज्या वर्षी परीक्षा द्यायची, त्या वर्षीची यादी काढून भिंतीवर चिकटवावी. हा पहिला अभ्यास.

यातून निघते काय? सीईटीचे मुख्य पुस्तक म्हणजे बालभारतीचे अकरावी-बारावीचे पाठ्यपुस्तक. ते ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येते. शिवाय बारावीची बोर्डाची परीक्षाही त्यातूनच होते, आणि इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला बारावीच्या ठरावीक विषयांत खुल्या प्रवर्गासाठी किमान ४५ टक्के व राखीव प्रवर्गासाठी ४० टक्के लागतात. म्हणजे एकाच पुस्तकावर दोन्ही कामे होतात.

डॉक्टर व्हायचे असेल तर मात्र जमीन बदलते. तिथे नीट परीक्षा. अलिबागचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यात आहे; पण तिथल्या प्रवेशाची वाटही नीटमधूनच जाते. २०२५ साली तिला १८० प्रश्न आणि १८० मिनिटे होती. बरोबर उत्तराला चार गुण मिळत आणि चुकलेल्याला एक गुण कापला जाई. तिथला पाया एनसीईआरटीच्या पुस्तकांचा. आयआयटी, एनआयटीसारख्या संस्थांसाठी जी जेईई असते, तिचीही पूर्वतयारी याच पुस्तकांवर करावी. तीही फुकट मिळतात. नीट आणि जेईईच्या मागील प्रश्नपत्रिका राष्ट्रीय परीक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर आहेत. नीट देणाऱ्या मुलीच्या हाती नुसते सीईटीचे गाइड देणे म्हणजे खारेपाटात गोड्या जमिनीचे बी टाकणे होय.

पाठ्यपुस्तक झाले. त्याच्या जोडीला प्रत्येक विषयाचा एक, फक्त एक, प्रश्नसंग्रह घ्यावा. तो दुकानात उभ्या उभ्या पारखता येतो. आधी छपाईचे वर्ष पाहा. राज्य मंडळाची अकरावीची नवी पुस्तके २०१९ साली आणि बारावीची २०२० साली आली. त्याआधीच्या संग्रहात जुना अभ्यासक्रम असेल. एनसीईआरटीनेही २०२२ च्या सुमारास बरेच धडे कमी केले, म्हणून जुना गठ्ठा घेताना सांभाळून. मग आपल्याला चांगला येणारा एक धडा उघडावा आणि त्यातले पाच-सहा प्रश्न सोडवून मागची उत्तरे पाहावीत. नुसते ‘अ, ब, क, ड’ छापले आहे, की ते उत्तर का आले हेही सांगितले आहे? कारण सांगणारे पुस्तक घ्यावे. आपण चुकतो कोठे, हे तेच दाखवते. आणि मुखपृष्ठावरच्या ‘९९ पर्सेंटाइल’ला भुलू नका. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल याचा अर्थ, त्या सत्रात बसलेल्यांपैकी ९० टक्के विद्यार्थी तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे आहेत.

आता आपल्या भागातली खरी अडचण, भाषेची. दहावीपर्यंत ‘वेग’ आणि ‘त्वरण’ शिकलेले पोर अकरावीत एकदम ‘व्हेलॉसिटी’ आणि ‘अ‍ॅक्सिलरेशन’ ऐकते. त्याला भौतिक येत नाही असे आपण म्हणतो. वास्तविक त्याला शब्द कळलेला नसतो. सीईटीत भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र यांचे प्रश्न मराठीतूनही घेता येतात, पण गणित फक्त इंग्रजीत असते. संभाव्यतेच्या उदाहरणात ‘अ‍ॅट लीस्ट’ म्हणजे कमीत कमी आणि ‘अ‍ॅट मोस्ट’ म्हणजे जास्तीत जास्त, एवढे उलटसुलट झाले तरी येणारे उदाहरण हातचे जाते. म्हणून मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने एक शब्दवही ठेवावी : डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी. रोज पाच शब्द. शासनाच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, त्यांचा आधार घ्यावा. अशी वही कोणत्याही दुकानात मिळत नाही, आणि तिच्याइतके उपयोगी पुस्तकही दुसरे नाही.

पुस्तक आणले, ते वापरायचे कसे? अमेरिकेतल्या सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी एक प्रयोग केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. दुसऱ्यांनी तो एकदा वाचला आणि मग न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते, ८१ टक्क्यांना ७५. पण आठवड्यानंतर? वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवले, लिहून काढणाऱ्यांना ५६. म्हणजे ‘मला सगळं येतंय’ असे जे वाचताना वाटते, ते फसवे असते. धडा वाचावा, पुस्तक मिटावे, आठवून लिहावे, आणि मग प्रश्न सोडवावेत. चुकलेला प्रश्न वेगळ्या वहीत उतरवून पुढे कारण लिहावे : सूत्र विसरलो, शब्द कळला नाही, की घाई केली? आठवड्याने तोच प्रश्न पुन्हा सोडवावा. परीक्षेच्या आधी दहा गाइडे चाळण्यापेक्षा ही एक वही चाळलेली बरी.

वेळेचाही सराव हवा. सीईटीत भौतिक-रसायनाच्या एका प्रश्नाला सरासरी ५४ सेकंद मिळतात, गणिताच्या प्रश्नाला १०८. परीक्षा संगणकावर असते. तेव्हा शेवटच्या दोन महिन्यांत दर आठवड्याला एक पूर्ण परीक्षा घड्याळ लावून द्यावी, आणि त्यातल्या काही तरी संगणकावर द्याव्यात.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, इथे आपले काम आहे. प्रत्येक घराने वेगळा संच घेण्यापेक्षा शाळेच्या ग्रंथालयात चांगल्या प्रश्नसंग्रहांच्या चार-पाच प्रती ठेवता येतील. शनिवारी शाळेची संगणक खोली दोन तास उघडी ठेवता येईल. इतर मागास वर्ग, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांसाठी ‘महाज्योती’ ही शासकीय संस्था प्रवेश परीक्षांचे मोफत ऑनलाइन प्रशिक्षण देते. तिची जाहिरात कधी निघते, हे खेड्यातल्या पालकाला कळत नाही. ते आपण फळ्यावर लिहावे.

पालकांना सांगायचे ते थोडक्यात असे. त्या वर्षीची अभ्यासक्रमाची यादी, परीक्षेला लागू असलेले पाठ्यपुस्तक, विषयाला एक प्रश्नसंग्रह, आणि दोन कोऱ्या वह्या, एक शब्दांची व एक चुकांची. एवढे सामान घरात आले की पुस्तकांची खरेदी थांबवावी. पुढचे वाढवायचे ते मुलाच्या हातचे लिहिणे. कोलाडच्या किंवा नागोठण्याच्या मुलीला मोठ्या शहरातला महागडा क्लास परवडणार नाही. पण हे एवढे सामान तिला परवडते, आणि वर्षभर नेटाने वापरले तर ते पुरते.