आधीं वाचन, मग लेखन : मोटारीच्या संगणकाची ओळख

मोटारीच्या इंजिनाला संगणक असतो, ही गोष्ट आतां शहरांतील शाळकरी मुलालाहि ठाऊक आहे. परंतु तो संगणक करतो काय, आणि त्यांतील आंकडे आपले आपण बदलतां येतात काय, असा प्रश्न निघाला कीं मंडळींत दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, तें आपलें काम नव्हे, तिकडे पाहूंहि नये. दुसरा म्हणतो, त्यांत आहे काय, लॅपटॉप जोडला कीं झालें! माझ्या मतें दोन्ही पक्ष चुकतात. ज्याला ही विद्या शिकावयाची आहे त्याला ती खचित शिकतां येते. मात्र आम्ही शाळेंत मुलांना अक्षरओळख करून देतांना जो क्रम पाळीत असूं, तोच येथेंहि पाळावा लागतो. आधीं वाचन, मग लेखन. हा क्रम कां पाळावा, तें आज सांगण्याचें योजिलें आहे.

ज्यांना जुन्या मोटारी आठवत असतील त्यांनीं एक देखावा डोळ्यांपुढें आणावा. कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार झालेली प्रीमियर पद्मिनी दारांत उभी आहे, बॉनेट उघडलें आहे, आणि मिस्त्री कार्बोरेटरचा एक बारीकसा स्क्रू पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे फिरवीत इंजिनाच्या आवाजाकडे कान लावून उभा आहे. मग तो डिस्ट्रिब्यूटर सैल करून किंचित् वळवी आणि पुन्हां ऐके. स्क्रूनें गाडी जागच्या जागीं चालतांना पेट्रोल व हवा यांचें प्रमाण ठरे. डिस्ट्रिब्यूटरनें ठिणगी कोणत्या क्षणीं पडावी हें ठरे. आजच्या गाडींत हा स्क्रू नाहीं आणि तो डिस्ट्रिब्यूटरहि नाहीं. त्यांचें काम आंकडे करतात, आणि ते आंकडे ई.सी.यू. नांवाच्या वहीएवढ्या डबींत सांठविलेले असतात.

हें स्थित्यंतर एका दिवसांत झालें नाहीं. १९६७ सालीं बॉश कंपनीची डी-जेट्रॉनिक ही योजना अमेरिकेंत विकावयाच्या फोक्सवॅगन १६०० गाड्यांत आली. तिच्यांत पेट्रोल किती सोडावें हें विजेचें मंडल ठरवी. पुढें १९७६ त व्होल्वो कंपनीनें धुराच्या नळींत ऑक्सिजन ओळखणारा सेन्सर बसविला. १९७९ त बॉशची मोट्रॉनिक योजना बी.एम.डब्ल्यू. ७३२आय या गाडींत आली, आणि पेट्रोल व ठिणगी या दोहोंचा हिशोब एकच संगणक करूं लागला. या सर्व खटाटोपामागें कॅलिफोर्नियांतील धुरकट हवा आणि तिच्यापायीं झालेले कडक नियम हें एक मोठें कारण होतें. ही गोष्ट शेवटीं पुन्हां उपयोगीं पडणार आहे, म्हणून ध्यानांत असूं द्यावी.

आतां संगणकाचें काम पाहूं. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल तर प्रत्येक सिलिंडरांत सेकंदास २५ वेळां ज्वलन होतें. तेवढ्या अवकाशांत किती हवा आंत आली हें मोजून तिच्या मानानें पेट्रोल सोडावयाचें असतें. पेट्रोलची तोटी, जिला इंजेक्टर म्हणतात, ती दर खेपेस सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागापुरतीच उघडते. ती किती वेळ उघडावी हें संगणक एका कोष्टकावरून काढतो. कोष्टकाच्या एका बाजूस इंजिनाचे फेरे, दुसऱ्या बाजूस त्याच्यावरील भार. जेथें दोन्ही मिळतात त्या घरांत आंकडा. सोळा ओळी व सोळा रकाने असतील तर अशीं २५६ घरें होतात. फेरे दोन घरांच्या मध्येंच पडले, तर संगणक प्रमाणानें मधला आंकडा काढतो. ज्यांनीं शाळेंत लॉगॅरिथमचें कोष्टक वापरलें आहे, त्यांना यांत नवें असें कांहींच वाटणार नाहीं.

पेट्रोलचें गणित असें आहे. एक ग्रॅम शुद्ध पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ ग्रॅम हवा लागते. एक ग्रॅम इथेनॉलला सुमारें ९ ग्रॅम पुरते. आपल्याकडील पंपांवर आतां २० टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें, त्याला सुमारें साडेतेरा ग्रॅम हवा लागते. इंधनागणिक आंकडा असा बदलत असल्यामुळें जाणते लोक 'लॅम्डा' या मापानें बोलतात. इंधन कोणतेंहि असो, प्रमाण बरोबर असेल तर लॅम्डा १. हवा अधिक असेल तर १ पेक्षां जास्त, पेट्रोल अधिक असेल तर १ पेक्षां कमी.

संगणक आपल्या कोष्टकावर आंधळा विश्वास ठेवीत नाहीं. धुराच्या नळींतील सेन्सर त्याला सांगतो, "हवा उरली" किंवा "पेट्रोल उरलें", आणि तो त्याप्रमाणें लगेच दुरुस्ती करतो. या दुरुस्तीस फ्युएल ट्रिम म्हणतात व ती टक्क्यांत दिसते. पांच टक्के इकडे-तिकडे असणें ही रोजची गोष्ट. परंतु ट्रिम वीस टक्क्यांवर गेली, तर गाडी आपल्याला कांहींतरी सांगत आहे असें समजावें.

येथें घरची एक हकीकत सांगतों. माझ्या पुतण्याच्या गाडीला पेट्रोल फार लागूं लागलें होतें, आणि सिग्नलपाशीं उभी असतांना ती थरथरे. एका कारागिरानें त्याला सांगितलें, "संगणकांतले आंकडे बदलून देतों, गाडी नवी होईल." पुतण्या पैसे देण्याच्या बेतांत होता. मीं म्हटलें, "अरे, आधीं ती काय म्हणते तें तरी वाचूं." स्टिअरिंगखालीं सोळा पिनांचा जो सॉकेट असतो, त्यांत एक लहानसें यंत्र खोंचून आम्हीं मोबाइलवर आंकडे पाहिले. गाडी जागच्या जागीं चालतांना ट्रिम अधिक १८. फेरे २५०० वर नेले कीं अधिक ३! यावर आम्ही दोन दिवस डोकें खाजवीत बसलों. त्या गाडींत हवा मोजणारा सेन्सर फिल्टरच्या लगत आहे. त्याच्या पुढें कोठें भेग असेल, तर न मोजलेली हवा आंत शिरणार. इंजिन मंद चालतांना एकूण हवाच थोडी, म्हणून ही चोरटी हवा मोठी ठरते. वेग वाढला कीं तीच नगण्य होते. शोधतां शोधतां एक रबरी नळी चिरलेली सांपडली. ती बदलली, ट्रिम जागेवर आली, थरथर थांबली. एकाहि आंकड्याला आम्हीं हात लावला नव्हता. त्या दिवशीं आंकडे बदलले असते तर दोष तसाच राहून त्याच्यावर पांघरूण मात्र पडलें असतें.

म्हणून नवशिक्यानें पहिला एक महिना केवळ वाचनास द्यावा. इंजिनाचें तापमान, फेरे, भार, ट्रिम, ठिणगीचा कोन, हे आंकडे नोंदवून ठेवावेत आणि घरीं येऊन शांतपणें पाहावेत. गाडी चालवीत असतां पडद्याकडे पाहूं नये, हें सांगावयास नकोच. एअर फिल्टर, प्लग व नळ्या निर्दोष असल्याची खात्री झाल्याखेरीज पुढें जाऊं नये.

लेखनाचा पहिला धडा जुन्या वा सुट्या यंत्रावर गिरवावा. कारखान्याच्या संगणकांत हजारों आंकडे असतात, आणि त्यांवर नांवांच्या चिठ्ठ्या नसतात. त्यांची खात्रीची सूची हातीं नसेल तर भलत्याच जागीं लिहिलें जातें. याउलट ब्रूस बोलिंग आणि अल ग्रिपो या दोन अमेरिकन गृहस्थांनीं २००१ च्या सुमारास 'मेगास्क्वर्ट' नांवाचा संगणक शिकणाऱ्यांसाठींच काढला. सुटे भाग आणून तो स्वतः डाग देऊन जोडावयाचा असे. अर्ड्विनोवर चालणारा 'स्पीडुइनो' हा त्याच कुळींतला. यांना खोटे सेन्सर-संकेत पुरविणारी एक लहान पाटी मिळते. तिच्यायोगें इंजिन नसतांहि टेबलावर बसून सराव करतां येतो. धुळाक्षरें गिरविण्याची याहून चांगली सोय कोणती?

इंजिनावर प्रत्यक्ष लिहितांना प्रथम मूळ फाइल जशीच्या तशी उतरून दोन ठिकाणीं ठेवावी. लिहीत असतां बॅटरी बसली तर संगणक मुका होण्याची भीति असते, म्हणून चार्जर जोडावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. पेट्रोल आधीं, ठिणगी मागाहून. लॅम्डा नेमका किती हें सांगणारा वाइडबँड सेन्सर बसवावा. साधा सेन्सर फक्त कमी कीं जास्त एवढेंच सांगतो. मग उरतें तें त्रैराशिक. एका घरांत ५० आंकडा आहे. लॅम्डा १ हवा, आणि सेन्सर १.१० दाखवितो. तर ५० ला १.१० नें गुणावें, ५५ येतात. तरीहि एकदम ५५ न लिहितां प्रथम ५२ किंवा ५३ लिहून पुन्हां मोजावें. मापनांत चूक असेल तर ती अशानें वेळीं कळते.

ठिणगीचा विषय मात्र नाजूक आहे. पेट्रोल पेटण्यास वेळ लागतो, म्हणून पिस्टन माथ्यावर पोंचण्याच्या अगोदरच ठिणगी टाकावी लागते. फेरे वाढतील तशी अधिक अगोदर. ती फारच अगोदर पडली, तर ज्वाळा पोंचण्यापूर्वींच उरलेलें मिश्रण दाबानें व उष्णतेनें आपोआप भडकतें. त्याचा धातूवर धातु आपटल्यासारखा आवाज येतो. यालाच नॉकिंग म्हणतात. पिस्टनच्या माथ्यावर वायूचा एक पातळ थर असतो, तो धातूचें उष्णतेपासून रक्षण करतो. नॉकिंगच्या धक्क्यांनीं तो थर मोडतो, आणि भाराखालीं असलेल्या इंजिनाचा पिस्टन थोड्या वेळांत वितळूं शकतो. भाराच्या वेळीं पेट्रोल कमी पडलें तर संकट अधिकच वाढतें. म्हणूनच पूर्ण भारावर मिश्रण मुद्दाम पेट्रोलाकडे झुकतें ठेवतात.

आणि येथेंच लोभ माणसाला फसवितो. ठिणगी एकेक अंश अगोदर नेत गेलें कीं शक्ति आरंभीं भराभर वाढते, पुढें हळू हळू, आणि शिखराजवळ जवळजवळ थांबते. शेवटच्या दोन अंशांनीं हातीं लागतें अगदीं थोडें, परंतु नॉकिंगची सीमा तेवढ्यांत ओलांडली जाऊं शकते. शहाण्यानें त्या दोन अंशांवर पाणी सोडावें. पूर्ण भाराची परीक्षा रस्त्यावर कधींहि घेऊं नये. गाडीचीं चाकें फिरत्या रुळांवर ठेवून शक्ति मोजणारें डायनॅमोमीटर नांवाचें यंत्र असतें, तेथें जाणत्याच्या देखत ती घ्यावी.

शेवटीं, मघां ध्यानांत ठेवावयास सांगितलेली गोष्ट. हा संगणक जन्मला तो बव्हंशीं हवेच्या रक्षणासाठीं. धुराच्या नळींतील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लॅम्डा १ च्या अगदीं जवळ असतांनाच तिन्ही प्रमुख विषारी घटकांवर नीट काम करतो. २०१५ सालीं फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांचें प्रकरण अमेरिकेंत उघडकीस आलें. परीक्षेच्या वेळीं धूर स्वच्छ आणि एरवीं घाण, अशी योजना त्यांच्या संगणकांतील आज्ञावलींतच होती. डबींतले आंकडे दुसऱ्यांच्या फुप्फुसांपर्यंत पोंचतात, हें त्यावरून जगाला कळलें. आपल्याकडेहि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ चे नियम लागू आहेत, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नें गाडींतील मनमानी फेरफारांस मर्यादा घातली आहे. म्हणून रस्त्यावरच्या गाडीचा धूर बिघडेल असा कोणताहि आंकडा लिहूं नये. कन्व्हर्टर काढून टाकणें तर दूरच.

श्रोतेहो, इतकें सारें ऐकून कोणी विचारील, मग शिकून उपयोग काय? उपयोग हाच, कीं ज्या यंत्रावर आपण बायकामुलांना बसवून घाट चढतों, तें काय म्हणतें हें आपल्याला समजूं लागतें. ज्याला तें वाचतां येतें, त्याला कोणी सहज फसवूं शकत नाहीं. आणि आंकडा केव्हां लिहूं नये, हेंहि त्यालाच कळतें.