सेशन सेव्ह केलं म्हणजे गाणं सेव्ह झालं का?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण घरच्या एका खोलीत रेकॉर्डिंगचा धंदा कसा उभा राहतो ते पाहिलं. लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक बरा माइक, आणि जाड पडदे लावून घुमणं कमी केलेली खोली. सेशन सेव्ह करणं आणि त्याची दुसरी प्रत काढणं हा त्यातला विषय मात्र मी मुद्दाम ब्लॉगसाठी ठेवला. हे वाचून, समोर सॉफ्टवेअर उघडून करून बघायचं काम आहे.

आधी पैसा कुठे आहे ते बघू. पनवेल, उरण, उलवे, तळोजा या आपल्या पट्ट्यात चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईची गाणी, लग्नसराईत आगरी-कोळी हळदीची, पुढे दहीहंडी आणि गणपती. नवीन स्टुडिओवाल्याला वाटतं की कमाई नव्या गाण्यात आहे. माझं मत उलटं आहे. कमाई केलेल्या गाण्यात बदल करून देण्यात आहे. "तेच हळदीचं गाणं द्या, फक्त नवऱ्याचं नाव बदला." "कराओके करून द्या." "डीजेला वाजवायचंय, सुरुवातीला नुसता ताल ठेवा." सेशन नीट उघडलं तर यातलं प्रत्येक काम तासा-दोन तासांचं. नाही उघडलं तर ढोलकीपासून सगळं परत, आणि गिऱ्हाईक पैसे देणार फक्त नाव बदलल्याचे.

आता मुख्य गोष्ट. तुम्ही कंट्रोल एस दाबता तेव्हा नक्की काय सेव्ह होतं? दुकानाच्या भाषेत सांगतो. सेशनची फाइल म्हणजे स्टॉक रजिस्टर. कुठला ट्रॅक कुठे सुरू होतो, कुठे कापलाय, आवाज किती, कुठला इफेक्ट लावलाय, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. पण माल गोदामात असतो. तो माल म्हणजे गायकाचा आवाज, ढोलकी, बासरी, यांच्या वेव्ह फाइल्स. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये त्या वेगळ्या फोल्डरमध्ये पडतात, आणि रजिस्टरमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो.

विश्वास बसत नसेल तर साइज बघा. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेला एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो. चार मिनिटांचं गाणं, वीस ट्रॅक, म्हणजे जवळपास ६९० एमबी. आणि सेशनची फाइल? बऱ्याचदा काही एमबीसुद्धा नसते. पेनड्राइव्हवर 'सगळं गाणं' दोन सेकंदांत कॉपी झालं, तर खूश होऊ नका. तुम्ही फक्त रजिस्टर उचललंय. दुसऱ्या लॅपटॉपवर ते उघडलं की ट्रॅक दिसतील, नावं दिसतील, आणि सॉफ्टवेअर विचारेल की फाइल्स कुठे आहेत.

म्हणून 'सेव्ह' हा एक शब्द डोक्यातून काढा. कामं तीन आहेत.

पहिलं, साधं सेव्ह. जिथे आहात तिथेच, जुन्यावर नवीन. मेच्या शेवटी वळीव आला आणि लाइट गेली, की यानेच तुम्ही वाचता. सवय लावा, पुढे जाऊ.

दुसरं, 'सेव्ह ॲज' किंवा नवीन व्हर्जन. एफएल स्टुडिओ आणि क्यूबेसमध्ये 'सेव्ह न्यू व्हर्जन' अशी सोयच आहे, नावापुढचा नंबर आपोआप वाढतो. इथे नवीन रजिस्टर तयार होतं, गोदाम मात्र साधारणपणे तेच राहतं. रोजच्या कामाला हे एकदम छान. गायकाला कालचं मिक्सच आवडलं होतं, तर कालचा नंबर उघडायचा.

तिसरं, मालासकट प्रत. याचं नाव प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये वेगळं आहे आणि लोक तिथेच अडकतात. एबलटन लाइव्हमध्ये 'कलेक्ट ऑल अँड सेव्ह' बाहेरून आणलेल्या फाइल्स प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ओढून घेतं, मग तो अख्खा फोल्डर कॉपी करायचा. क्यूबेसमध्ये 'बॅकअप प्रोजेक्ट'. प्रो टूल्समध्ये 'सेव्ह कॉपी इन', आणि त्यात ऑडिओ फाइल्सवर टिक करायलाच हवी. रीपरमध्ये 'सेव्ह प्रोजेक्ट ॲज' केल्यावर खाली मीडिया प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय दिसतो, तो टिक करायचा. एफएल स्टुडिओमध्ये एक्स्पोर्टखाली 'झिप्ड लूप पॅकेज'.

प्रो टूल्समधला एक फरक लक्षात ठेवा. 'सेव्ह ॲज' केल्यावर तुम्ही नवीन फाइलमध्ये जाता. 'सेव्ह कॉपी इन' केल्यावर प्रत बाजूला पडते आणि तुम्ही जुन्यातच असता. वर फाइलचं नाव न बघता काम सुरू केलं, की बदल भलतीकडेच होतात.

आता हळदीचं गाणं घ्या. एका घरासाठी केलेलं गाणं दुसऱ्या घरासाठी नाव बदलून द्यायचंय. बरेचजण जुनं सेशन उघडतात, नावाची ओळ पुसतात, नवीन रेकॉर्ड करतात, आणि शेवटी 'सेव्ह ॲज' करायचं ठरवतात. मधे सवयीने एकदा कंट्रोल एस दाबलं जातं. संपलं. पहिल्या घराचं गाणं गेलं, आणि आठ दिवसांनी त्यांचाच फोन येतो, "व्हिडिओवाल्याला परत पाठवता का?" क्रम उलटा ठेवा. उघडलं की सगळ्यात आधी मालासकट प्रत, नवीन नाव, नवीन फोल्डर. मग कात्री.

प्रत मालासकटच का, याचं अजून एक कारण आहे, आणि ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दोन सेशन एकाच गोदामावर चालत असतील आणि डिस्क भरली म्हणून तुम्ही एका सेशनमधून 'न वापरलेल्या फाइल्स' कायमच्या डिलीट केल्या, तर सॉफ्टवेअर सहसा फक्त समोरच्या सेशनचा हिशोब बघतं. या सेशनला नको असलेला आवाज दुसऱ्या सेशनचा मुख्य आवाज असू शकतो. डिस्कची किंमत आणि गायकाला परत बोलावण्याची किंमत, दोन्ही कागदावर लिहून बघा.

काही आवाज तर परत बोलावताच येत नाहीत. आपल्याकडे लग्नात धवले म्हणणाऱ्या धवलारणी आहेत, बऱ्याच वयस्कर. एखाद्या कुटुंबाने आजीचे धवले रेकॉर्ड करून घेतले, तर तो नुसता ट्रॅक नाही. असं कच्चं रेकॉर्डिंग त्याच दिवशी, एडिटला हात लावायच्या आधी, वेगळ्या डिस्कवर टाका.

वेगळी डिस्क त्याच टेबलाच्या खणात नको. २२ जुलै २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात महाड पाण्याखाली गेलं. अशा पाण्यात लॅपटॉप आणि त्याच्या बाजूची हार्ड डिस्क एकदमच जातात. पुण्याचं उदाहरण याहून जुनं आहे. जानेवारी २००३ मध्ये फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, म्हणजे जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, नायट्रेट फिल्म्सचा साठा जळाला. ज्या चित्रपटांची प्रत आधीच सेफ्टी फिल्मवर काढून ठेवली होती, ते आजही बघता येतात. तुमच्यासाठी हे एवढंच: एक प्रत लॅपटॉपवर, एक डिस्कवर, एक दुसऱ्या घरात किंवा क्लाउडवर. २० एमबीपीएस अपलोड मिळत असेल तर एक जीबी साधारण सात मिनिटांत चढतो. चहा होईपर्यंत काम झालं.

ऑटोसेव्हच्या भरवशावर राहू नका. तो सहसा त्याच डिस्कवर रजिस्टरचीच प्रत ठेवतो. आणि एफएल स्टुडिओच्या ट्रायलवर शिकत असाल तर सावध: प्रोजेक्ट सेव्ह होतो, पण लायसन्स घेईपर्यंत परत उघडून पुढे काम करता येत नाही. ट्रायलवर गिऱ्हाईकाचं काम घेऊच नका.

गाणं दिल्यावर अजून एक गोष्ट करा. प्रत्येक ट्रॅक, गाण्याच्या अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत, सलग वेव्ह म्हणून बाहेर काढून ठेवा. यांना स्टेम्स म्हणतात. दोन वर्षांनी एखादं प्लगइन नवीन लॅपटॉपवर चालणार नाही, पण वेव्ह फाइल कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये शून्यावर ठेवली की जुळते. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, आधी तारीख, मग ऑर्डर नंबर, मग टेम्पो, मग व्हर्जन. 'फायनल', 'फायनल नवीन', 'खरं फायनल' ही नावं आजपासून बंद.

राहिला व्यवहार. बिलावर तीन ओळी छापून घ्या: सेशन आमच्याकडे किती महिने राहील, त्यानंतर बदल हवा असेल तर दर काय, आणि सेशन किंवा स्टेम्स हवे असतील तर त्याचे वेगळे किती. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. बटण दाबणारा तुम्ही असलात म्हणून हक्क आपोआप तुमचा होत नाही. एका घराचं गाणं दुसऱ्याला नाव बदलून द्यायचं असेल, तर ती परवानगी पहिल्याच बिलावर सहीने घ्या.

आज रात्री एक जुनं गाणं निवडा. त्याची मालासकट प्रत काढा, पेनड्राइव्हवर टाका आणि मित्राच्या लॅपटॉपवर, त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. फाइल गायब म्हणून खिडकी आली तर कुठली फाइल ते लिहून ठेवा. बहुतेक वेळा ती डाउनलोड फोल्डरमधून थेट ओढलेली ढोलकी असते.